ब्लॅकपूल : किनाऱ्यावरच्या सुट्टीच्या गावातली रेल्वे, ट्राम, बस आणि कोच सेवा

ब्लॅकपूल हे इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर, लँकशायरमध्ये, आयरिश समुद्राला लागून असलेलं गाव. ब्रिटनमध्ये समुद्रावर सुट्टी घालवायचा विषय निघाला की पहिलं नाव बहुतेक याचंच येतं. १८९४ साली उघडलेला १५८ मीटर उंच टॉवर, समुद्रात आत शिरलेले तीन पिअर, प्लेजर बीच या मनोरंजन पार्कच्या राइड्स, शरद ऋतूतली रोषणाई हे सगळं लोकांना माहीत असतं. पण एवढी माणसं तिथे पोचतात कशी आणि पोचल्यावर गावात फिरतात कशी यावर फारसं कोणी लिहीत नाही, आणि खरं तर गाव समजून घ्यायचं तर सुरुवात तिथूनच करायला हवी, कारण ब्लॅकपूल वाढलं ते रेल्वेमुळे आणि नंतर त्याचा नकाशा बदलला तोही रेल्वे काढून घेतल्यामुळे.

आधी गावाचा आकार लक्षात घ्या. ब्लॅकपूल म्हणजे दक्षिणोत्तर पसरलेली लांबट पट्टी आहे, एका बाजूला समुद्र, त्याला लागून प्रोमेनाड म्हणजे किनाऱ्याचा मोठा रस्ता आणि त्याच्या मागे हॉटेलं, गेस्ट हाऊसं, घरं. रेल्वे येते पूर्वेकडून, प्रेस्टनच्या दिशेने, म्हणजे ती माणसाला पट्टीच्या एखाद्या ठिकाणी आणून सोडते आणि तिथून पुढे किनाऱ्याच्या कडेकडेने न्यायला दुसरं काहीतरी लागतंच. हे दुसरं काहीतरी म्हणजे ट्राम आणि बस. बाहेरून आणणारी वाहनं एका दिशेची आणि गावात फिरवणारी दुसऱ्या दिशेची, अशी रचना आहे, आणि या दोघांची गाठ नीट पडते की नाही यावर प्रवाशाचे हाल किंवा आराम ठरतो.

रेल्वे कशी आली

१८४० मध्ये प्रेस्टनहून फ्लीटवुडपर्यंत रेल्वे सुरू झाली. फ्लीटवुड ब्लॅकपूलच्या उत्तरेला वायर नदीच्या मुखाशी आहे. तेव्हा बेत असा होता की लंडनहून स्कॉटलंडला जाणारे लोक इथपर्यंत गाडीने येतील आणि पुढे बोटीने जातील. तो बेत काही टिकला नाही कारण थोड्याच वर्षांत डोंगरातून स्कॉटलंडकडे जाणारी थेट लाइन झाली. पण त्या निमित्ताने रूळ किनाऱ्याजवळ आले आणि ब्लॅकपूलला जाणारे लोक पूल्टनला उतरून घोडागाडीने पुढे जायला लागले. १८४६ मध्ये पूल्टनहून थेट ब्लॅकपूलपर्यंत फाटा काढला आणि टॉल्बट रोड स्टेशन उघडलं, तेच पुढे १९३२ पासून ब्लॅकपूल नॉर्थ. १८६३ मध्ये दक्षिणेकडून, लिथमच्या बाजूने दुसरी लाइन आली आणि तिचं स्टेशन पुढे ब्लॅकपूल सेंट्रल म्हणून ओळखलं गेलं, टॉवरच्या अगदी जवळ.

आता गर्दीचं गणित. लँकशायरच्या कापड गिरण्यांच्या गावांमध्ये 'वेक्स वीक' अशी पद्धत होती, म्हणजे उन्हाळ्यात एक आठवडा अख्ख्या गावच्या गिरण्या बंद, बॉयलर आणि यंत्रांची दुरुस्ती त्या वेळात उरकायची आणि कामगारांना सुट्टी. आणि ही सुट्टी सगळ्या गावांना एकाच आठवड्यात नसायची, या आठवड्यात एक गाव, पुढच्या आठवड्यात दुसरं, असं करत जवळजवळ सगळा उन्हाळा निघायचा. बरीच वर्षं ही सुट्टी बिनपगारी होती (पगारी सुट्टीचा कायदा १९३८ चा), त्यामुळे गिरणीतले लोक वर्षभर क्लबमध्ये दर आठवड्याला थोडे थोडे पैसे टाकायचे आणि त्यातून समुद्रावर जायचे. म्हणजे ओल्डम किंवा बर्नलीसारखं आख्खं गाव एकदमच स्टेशनवर यायचं, गल्लीतले शेजारी एकाच डब्यात, आणि बऱ्याचदा ब्लॅकपूलला पोचल्यावर एकाच गेस्ट हाऊसमध्ये सुद्धा! रेल्वेसाठी हे अवघड पण सोयीचं होतं. अवघड अशासाठी की शनिवारी एक गाव परत जायचं आणि दुसरं यायचं, सगळं एकाच दिवशी, आणि सोयीचं अशासाठी की कोणत्या आठवड्यात कुठून किती स्पेशल गाड्या सोडायच्या ते आधीच माहीत असायचं. नॉर्थ स्टेशनला तर नेहमीच्या प्लॅटफॉर्मच्या बाजूला फक्त एक्स्कर्शन म्हणजे सहलीच्या गाड्यांसाठी वेगळे प्लॅटफॉर्म होते आणि सेंट्रलला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला १४ प्लॅटफॉर्म झाले होते. किनाऱ्यावरच्या एका गावात १४!

सेंट्रल गेलं, रस्ता आला

दुसऱ्या महायुद्धानंतर लोकांकडे मोटारी आल्या, गिरण्या बंद पडत गेल्या, स्वस्त विमानाने स्पेनला जाता येऊ लागलं, आणि १९६३ मध्ये रेल्वेचे मार्ग कमी करण्याचा प्रसिद्ध बीचिंग अहवाल आला. त्यात बंद करायचं सुचवलं होतं ते नॉर्थ स्टेशन. पण सेंट्रलची जागा गावाच्या मधोमध, समुद्रापासून काही पावलांवर, म्हणजे सोन्याच्या भावाची, आणि स्थानिक कॉर्पोरेशनला ती नव्या बांधकामासाठी हवी होती, म्हणून शेवटी उलटं झालं आणि नोव्हेंबर १९६४ मध्ये सेंट्रल बंद पडलं. माझ्या मते गावाच्या वाहतुकीत झालेला हा सगळ्यात मोठा तोटा, कारण गाडीतून उतरलं की समोर समुद्र असं स्टेशन पुन्हा मिळालं नाही. जे नॉर्थ उरलं तेही १९७४ मध्ये जुनी इमारत पाडून मागच्या बाजूला, त्याच जुन्या एक्स्कर्शन प्लॅटफॉर्मवर हलवलं, म्हणजे किनाऱ्यापासून आणखी थोडं आत.

सेंट्रलच्या रुळांचं पुढे काय झालं ते बघण्यासारखं आहे. एम ५५ हा मोटरवे १९७५ मध्ये प्रेस्टनजवळून ब्लॅकपूलपर्यंत आला आणि त्याच्या टोकापासून गावात शिरायला जुन्या रेल्वेच्याच भरावावर येडन वे नावाचा रस्ता बांधला. आज मोटारी आणि कोच त्याच उंचवट्यावरून, आजूबाजूच्या घरांच्या छपरांच्या पातळीवरून, सरळ आत येतात आणि पार्किंगला पोचतात. ज्या वाटेने स्पेशल गाड्या यायच्या त्याच वाटेने आता कोच येतात, रेल्वेचा धंदा रस्त्याने घेतला तो इथे अगदी शब्दशः घेतला.

आजची रेल्वे

आता दोन फाटे आहेत आणि दोघांचा दर्जा खूप वेगळा आहे. नॉर्थची लाइन दुहेरी आहे, २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये ती कामासाठी पूर्ण बंद केली, २०१८ च्या एप्रिलमध्ये पुन्हा उघडली आणि त्याच वर्षी विजेच्या गाड्या सुरू झाल्या. इथून नॉर्दर्न कंपनीच्या गाड्या प्रेस्टन, मँचेस्टर, लिव्हरपूल आणि पार यॉर्कपर्यंत जातात आणि अवंती वेस्ट कोस्टच्या लंडन युस्टनला थेट गाड्या आहेत, मात्र मोजक्या. थेट गाडी नाही मिळाली तर प्रेस्टनला बदलायची, त्यात अवघड काही नाही, प्रेस्टन मुख्य लाइनवरचं मोठं जंक्शन आहे आणि तिथून ब्लॅकपूल साधारण अर्ध्या तासावर.

दुसरा फाटा ब्लॅकपूल साउथचा. कर्कमहून निघून लिथम, सेंट ॲन्स, स्क्वायर्स गेट, प्लेजर बीच असं करत साउथला संपतो. सेंट्रल असताना हीच लाइन पुढे तिथपर्यंत जायची, ती तोडल्यावर साउथ हेच टोक झालं. नंतर रूळही एकेरी केले, आणि मधे कुठे गाड्यांना एकमेकींना ओलांडायला जागाच नाही. त्यामुळे एक गाडी शेवटपर्यंत जाऊन परत बाहेर पडल्याशिवाय दुसरी आत सोडता येत नाही, म्हणून तासाला एकच गाडी. लोकांना वाटतं प्रवासी कमी म्हणून गाड्या कमी, पण इथे रुळांनीच हात बांधलेत आणि ओलांडायला एक लूप टाकला तरी चित्र बदलेल अशी मागणी तिकडचे लोक बरीच वर्षं करतायत. प्लेजर बीचचं स्टेशन १९८७ मध्ये मुद्दाम पार्कसाठी उघडलं आणि ते पार्कच्या अगदी बाजूला आहे, मुलांना घेऊन फक्त राइड्सना जायचं असेल तर नॉर्थपेक्षा हेच बरं, फक्त टाइमटेबल बघून निघा कारण एक गाडी चुकली की तासभर गेला.

ट्राम

२९ सप्टेंबर १८८५ ला ब्लॅकपूलच्या प्रोमेनाडवर विजेची ट्राम सुरू झाली, जगातल्या अगदी सुरुवातीच्या विजेच्या ट्राममार्गांपैकी ही एक. इंजिनियर होते मायकेल होलरॉइड स्मिथ. तेव्हा वीज वरच्या तारेतून नव्हे तर रुळांच्या मधल्या जमिनीतल्या खाचेतून यायची. समुद्राच्या कडेला जमिनीत उघडी खाच म्हटल्यावर काय होणार, भरतीच्या लाटा आल्या की पाणी आत, वारा सुटला की वाळू आत, आणि ट्राम जागच्या जागी! शेवटी १८९९ मध्ये वरून तार टाकली. वाळूचा त्रास मात्र अजून आहे, दक्षिणेकडे स्टार गेटला वाळूचे ढिगारे रुळांवर उडून येतात आणि ते सारखे उपसावे लागतात.

ब्रिटनच्या बाकी शहरांनी विसाव्या शतकाच्या मध्यात आपापल्या ट्राम मोडीत काढल्या. ब्लॅकपूलनेही गावातल्या आतल्या रस्त्यांवरच्या काढल्या, पण किनाऱ्याची ठेवली, आणि ग्लासगोची ट्राम १९६२ मध्ये बंद झाल्यावर १९९२ ला मँचेस्टरमध्ये मेट्रोलिंक येईपर्यंत शहरात रोजच्या वापराची ट्राम असलेलं ब्रिटनमधलं हे एकच ठिकाण उरलं. ती टिकली त्याचं एक मोठं कारण मला तरी साधं वाटतं, तिचा मार्ग जवळजवळ एका रेषेत आहे, प्रोमेनाडवर तिला मोटारींपासून वेगळी स्वतःची जागा आहे, आणि ज्या रेषेत लोकांना जायचंय त्याच रेषेत ती जाते. १९३० च्या दशकात वॉल्टर लफ या जनरल मॅनेजरने नव्या धाटणीच्या गाड्या आणल्या, त्यातल्या दुमजली गाड्यांना लोक बलून म्हणायचे आणि वरून उघड्या गाड्यांना बोट, आणि त्यातल्या काही गाड्या ऐंशी वर्षांनंतरही रुळावर होत्या.

२०१२ च्या एप्रिलमध्ये रूळ, थांबे, डेपो सगळं नवं करून मार्ग पुन्हा उघडला. साधारण १० कोटी पाउंडांचं काम होतं. तेव्हा १६ नव्या फ्लेक्सिटी गाड्या आल्या आणि पुढे दोन वाढल्या. गाडी ३२ मीटर लांब, ७४ जणांना बसायला जागा आणि बाकीचे उभे, आणि दार प्लॅटफॉर्मच्या पातळीत असल्यामुळे व्हीलचेअर किंवा बाबागाडी सरळ आत ढकलता येते, जुन्या गाड्यांच्या उंच पायऱ्या ज्यांनी चढल्या असतील त्यांना याची किंमत कळेल. मार्ग स्टार गेटपासून फ्लीटवुड फेरीपर्यंत, सुमारे १८ किलोमीटर. शेवटी फ्लीटवुडमध्ये ट्राम चक्क बाजाराच्या रस्त्यातून दुकानांच्या समोरून जाते, आणि टोकाला उतरलं की नदीपलीकडच्या नॉट एंडला जाणारी छोटी बोट. फ्लीटवुडची प्रवासी रेल्वे १९७० मध्येच गेली, त्यामुळे त्या गावाला ही ट्राम म्हणजे फिरायची मजा नाही, रोजची गरज आहे.

एक कमतरता मात्र फार वर्षं राहिली. नॉर्थ स्टेशनहून डिक्सन रोडने जाणारी ट्राम १९६३ मध्ये बंद झाली आणि त्यानंतर गाडीने आलेला माणूस बॅगा ओढत उतारावरून प्रोमेनाडपर्यंत चालत यायचा. पावसात, वाऱ्यात, म्हाताऱ्या माणसांनाही तेच. अंतर काही शे मीटरच, पण सामान असताना तेवढंही जड जातं. रूळ टाकून झाले तरी स्टेशनच्या बाजूच्या इमारती पाडून नवं बांधण्यात वर्षं गेली आणि अखेर १६ जून २०२४ ला टॉल्बट रोडवरून नॉर्थ स्टेशनपर्यंत ट्राम पुन्हा सुरू झाली. बाहेरच्या माणसाला ही किरकोळ गोष्ट वाटेल पण तसं नाहीये, साठ वर्षांनी रेल्वे आणि ट्रामची गाठ परत पडली.

बस

गावातल्या बस आणि ट्राम दोन्ही ब्लॅकपूल ट्रान्स्पोर्ट चालवते. १९८५ च्या कायद्याने लंडनबाहेरच्या बस सगळ्यांना खुल्या झाल्या, नगरपालिकांना आपल्या बस वेगळ्या कंपन्यांकडे द्याव्या लागल्या आणि पुढे बहुतेक ठिकाणी त्या विकल्या गेल्या. ब्लॅकपूलची कंपनी अजून कौन्सिलच्याच मालकीची आहे, आणि अशा थोड्याच उरल्यात. किनाऱ्यापासून आत असलेल्या वस्त्या, हॉस्पिटल, शाळा, पूल्टन, लिथम सेंट ॲन्स ही कामं बसची. प्रेस्टनकडे स्टेजकोच कंपनीची ६१ नंबरची बस जाते, रेल्वेपेक्षा बराच जास्त वेळ लागतो पण वाटेतल्या गावांना तीच उपयोगी. पर्यटकाला बसचं फार काही वाटत नाही, पण फेब्रुवारीत बीचवर चिटपाखरू नसतं तेव्हाही गावातल्या माणसाला कामावर जायचंच असतं, ते बसनेच होतं.

कोच

कोच म्हणजे लांब पल्ल्याची, खाली सामानाचा कप्पा असलेली आरामगाडी. यात दोन प्रकार. एक, नॅशनल एक्स्प्रेससारख्या कंपन्यांच्या ठरलेल्या वेळेच्या गाड्या, बुकिंग लवकर केलं तर रेल्वेच्या तुलनेत बऱ्याचदा स्वस्त. दुसरा, सहलीच्या गाड्या, १९२० च्या दशकातल्या शॅराबँक नावाच्या उघड्या गाड्यांपासून ही परंपरा चालत आली आहे. यात घराजवळून गाडीत बसायचं, हॉटेलच्या दाराशी उतरायचं, जेवण आणि संध्याकाळची करमणूक पॅकेजमध्येच. रेल्वे बदलणं ज्यांना झेपत नाही अशा वयस्कर लोकांसाठी हे वरदान आहे, आणि सीझन नसताना हॉटेलं चालतात त्यात यांचा मोठा वाटा. या धंद्यातली मोठी कंपनी शिअरिंग्ज २०२० च्या मे महिन्यात कोविडच्या काळात बंद पडली, तिचं नाव नंतर दुसऱ्या कंपनीने घेतलं.

रोषणाईचे दिवस

१८७९ मध्ये आठ आर्क दिव्यांपासून सुरू झालेली रोषणाई आता सुमारे १० किलोमीटर किनाऱ्यावर असते, ऑगस्टच्या शेवटी सुरू होते आणि अलीकडे जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत चालते. शनिवारी संध्याकाळी प्रोमेनाडवर मोटारी मुंगीच्या गतीने सरकतात, दिवे बघायला आलेले मुद्दामच हळू चालवतात, आणि त्यात अडकलेल्या बसचं वेळापत्रक पार कोलमडतं. ट्रामला स्वतःचे रूळ असल्यामुळे ती त्यातल्या त्यात बरी, पण तीही खचाखच. युद्धनौकेच्या किंवा वाफेच्या इंजिनाच्या आकारात सजवलेल्या खास ट्राम हाही बरीच वर्षं या रोषणाईचाच भाग होता. नॉर्थहून परत जाणाऱ्यांनी रात्रीची शेवटची गाडी आधी बघून ठेवावी, कारण दिवे बघून लोक एकदमच निघतात.

तिकिटं

ब्लॅकपूल ट्रान्स्पोर्टचं दिवसाचं तिकीट बस आणि ट्राम दोन्हीवर चालतं, दिवसभर किनाऱ्यावर वरखाली करायचं असेल तर तेच घ्यावं. इंग्लंडमधल्या ज्येष्ठांना देशभर फुकट बस प्रवासाचा पास मिळतो, साधारणपणे कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊनंतर. पण तो कायदा फक्त बसपुरता आहे, ट्राममध्ये सवलत द्यायची की नाही ते स्थानिक पातळीवर ठरतं, त्यामुळे दुसऱ्या भागातून आलेल्या आजी-आजोबांनी ट्राममध्ये चढायच्या आधी कंडक्टरला विचारून घेतलेलं बरं.