छापील चित्र घरात आले तेव्हा

शिंप्यासमोर मोबाइल धरून ‘बाही अशीच हवी’ म्हणणारी बाई आपल्याला नव्या जमान्याची वाटते. मुंबईतल्या कुणा डिझायनरने काहीतरी केले, त्याचा फोटो सांगली-साताऱ्याच्या टेलरपर्यंत पोचला, आणि त्याने ते आपल्या बेताने, मिळेल त्या कापडात उतरवले. यात नवा आहे तो फक्त मोबाइल. चित्रकाराचे काम बघायचे, त्यातले आवडेल तेवढे उचलायचे आणि घरात, अंगावर, दारात वापरायचे हा उद्योग मराठी घरांत सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. तो रुजवला छापखान्याने. कलादालनांचा त्यात फारसा हात नाही. कलेच्या इतिहासात मात्र दालनांना प्रकरणे मिळतात आणि छापखान्याला तळटीप.

छापील चित्र येण्यापूर्वी साध्या घरात चित्र नव्हते असे नाही. अंगणात रांगोळी होती, चैत्रात चैत्रांगण होते, नागपंचमीला पाटावर किंवा भिंतीवर गंधाने काढलेले नाग होते. पण ही चित्रे त्या दिवसापुरती, घरातल्याच बाईच्या हातची, आणि दुसऱ्या दिवशी पुसली जाणारी. रंगवलेल्या भिंती पेशवाईतल्या वाड्यांना आणि देवळांना होत्या. कोकणातल्या पिंगुळीचे चित्रकथी गावात आले की पोथीतली चित्रे दाखवून कथा सांगत आणि पोथी घेऊन पुढच्या गावी जात. दुसऱ्या कुणी काढलेले चित्र कायमचे आपल्या भिंतीवर असणे ही चैन होती.

ती स्वस्त झाली दगडामुळे. शिळाछापाची युक्ती साधी आहे. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने उलटे चित्र काढायचे, दगड ओला करायचा आणि वरून शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या भागावर शाई बसत नाही, तेलकट रेघेवर बसते. कागद दाबला की चित्र उमटते. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी 1831 मध्ये या पद्धतीने पंचांग छापले. छापील कागदाला हात लावायला सोवळी मंडळी तयार नव्हती, कारण शाईत जनावराची चरबी असते असा बोलबाला होता. तेव्हा गणपत कृष्णाजींनी शाईत तूप घातले, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. गिऱ्हाइकाची अडचण ओळखून माल बदलण्याचे याहून चांगले उदाहरण मला मराठी छपाईच्या इतिहासात माहीत नाही.

शिळाछापाने घरात नेमके काय आणले, याचा एक नमुना आजही श्रावणात बाजारात मिळतो. जिवतीचा कागद. त्यात नरसिंह, कालियाच्या फण्यावर नाचणारा कृष्ण, मुलांना खेळवणाऱ्या जरा-जिवंतिका आणि हत्ती व वाघावर बसलेले बुध-बृहस्पती असे चार भाग असतात. दिव्यांच्या अवसेला तो भिंतीला लावायचा आणि महिनाभर पुजायचा. चित्र म्हणून कोणी त्याच्याकडे बघत नाही. पण लेकुरवाळ्या जिवतीचे लुगडे, तिचे दागिने, शेजारचा पाळणा हे सगळे कुणातरी चित्रकाराने एकदा ठरवले आणि घरोघरच्या बायकांनी दर श्रावणात ते डोळ्यांसमोर ठेवले. छापील चित्राची अशी सवय मराठी घराला पूजेतून लागली.

1878 मध्ये पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘चित्रशाळा’ हा छापखाना काढला, तेव्हा या सवयीला एक हेतू चिकटला. देवादिकांबरोबर नाना फडणवीस, शिवाजी महाराज, पेशवे यांची चित्रेही विकायला आली. आपला इतिहास लोकांनी रोज पाहावा, ही त्यामागची तळमळ उघड होती. योगायोग असा, की त्याच वर्षी कलकत्त्यातही आर्ट स्टुडिओ सुरू होऊन देवतांचे शिळाछाप निघू लागले. पुण्याच्या सदाशिव पेठेतले हे रंगीत छाप आज पाहिले तर रंग भडक वाटतात, माणसे थोडी ताठ वाटतात. पण तसबीर विकत आणून भिंतीला लावायची ही कल्पना पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गात रुळली ती याच काळात.

मग राजा रविवर्मा आले, आणि इथे थोडे थांबायला हवे.

केरळातल्या किळिमानूरचा हा चित्रकार. तैलरंगात पुराणकथा रंगवणारा, संस्थानिकांचा लाडका. पूर्वी त्रावणकोरचे आणि नंतर बडोद्याचे दिवाण असलेल्या सर टी. माधवराव यांनी 1884 मध्ये त्यांना पत्र लिहून सुचवले, की तुमची चित्रे पुष्कळांना हवी आहेत, पण एकट्याच्या हाताने किती पुरी पडणार? निवडक चित्रे युरोपात पाठवून छापून घ्या. रविवर्मा यांनी पुढे छापखानाच इथे आणला. मधल्या काळात सयाजीराव गायकवाडांनी त्यांच्याकडून चौदा पौराणिक चित्रे करून घेतली. त्यांच्या तयारीसाठी रविवर्मा उत्तर भारतात फिरले. प्रश्न असा होता की सीता, दमयंती, शकुंतला यांनी नेसायचे काय? पुराणात कापडाची वर्णने भरपूर आहेत, पण शिंप्याला पुरतील अशी नाहीत. रविवर्मा यांनी साडीवर शिक्कामोर्तब केले, आणि त्यांच्या कितीतरी नायिकांची साडी महाराष्ट्रातल्या बायकांच्या नेसणीवरून आलेली आहे. मुंबईत आणि आसपास त्यांनी पाहिलेल्या बायका, गाण्याच्या घराण्यांतल्या गोव्याकडच्या कलावंत स्त्रिया, यांचे चेहरे आणि चालणे-बसणे त्या चित्रांत उतरले असे मानले जाते.

ही चौदा चित्रे 1890 च्या सुमारास बडोद्यात आणि मुंबईत लोकांना दाखवली, तेव्हा गर्दी उसळली. 1894 मध्ये गिरगावात छापखाना सुरू झाला. यंत्रे आणि कारागीर जर्मनीचे. पहिले छापील चित्र शकुंतलेच्या जन्माचे होते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे, त्यामुळे एका चित्रासाठी दगडांची रांग. वरून वार्निश दिले की कागद तैलचित्रासारखा चमके. दोनच वर्षांनी मुंबईत प्लेग आला, आणि 1899 मध्ये छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. रविवर्मा चित्रकार मोठे, धंद्याच्या बाबतीत मात्र कच्चे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच त्यांनी छापखाना फ्रिट्झ श्लायखर या आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला विकला. श्लायखरने कॅलेंडरे, जाहिराती, लेबले असा बाजार वाढवला. कमळावर उभी राहिलेली लक्ष्मी आणि शेजारी हार घेतलेला हत्ती, हे चित्र मग किराणा दुकानापासून माजघरापर्यंत गेले.

आता गंमत पाहा. चित्रकाराने नेसण उचलली ती इथल्या बायकांची. ती लक्ष्मी-सरस्वतीला नेसवली. छापून परत त्याच बायकांच्या भिंतीवर पाठवली. आणि बायकांनी ते चित्र हात जोडून नुसते पाहिले नाही. कितीतरी घरांत या छापील देवींना खरी जर, खरे कापड आणि टिकल्या लावल्या गेल्या. साडीच्या जागी रेशमाचा तुकडा, काठाला जर, गळ्यात बारीक मणी. चेहरा, हात आणि मागचा देखावा तेवढा छापील, बाकी सगळे कशिद्याचे. दुपारच्या रिकाम्या वेळात सुईदोरा घेऊन बसलेल्या त्या बाईने रविवर्मा यांच्या लक्ष्मीची साडी बदलली. रंग आपल्या आवडीचा घेतला. चित्रातून प्रेरणा घेणे म्हणजे काय, याचे इतके स्वच्छ उदाहरण कुठल्याच डिझाइनच्या वर्गात मिळणार नाही.

रंगभूमीनेही हेच केले. बालगंधर्वांच्या शकुंतला, सुभद्रा, रुक्मिणी यांच्या वेशभूषेवर आणि उभे राहण्याच्या ढबीवर रविवर्मा यांच्या चित्रांची छाप होती, हे अनेक अभ्यासकांनी दाखवले आहे. आणि बालगंधर्व पुरुष असूनही पुण्या-मुंबईच्या घरंदाज बायका त्यांच्यासारखा अंबाडा घालू लागल्या, तसा गजरा माळू लागल्या, तसा शालू शोधू लागल्या. म्हणजे साडी बाईकडून चित्राकडे, चित्राकडून नटाकडे आणि नटाकडून पुन्हा बाईकडे आली. यात मूळ कल्पना कुणाची, हा हिशेब मांडायला बसलात तर हाती काही लागणार नाही.

दादासाहेब फाळके यांनीही रविवर्मा छापखान्यासाठी काम केले होते. नंतर त्यांनी स्वतःचा छापखाना काढला, आणि 1913 मध्ये चित्रपट दाखवला तेव्हा त्यांच्या देवादिकांचे रूप प्रेक्षकांना अनोळखी वाटण्याचे कारण नव्हते. ते तर घरच्याच भिंतीवरून हलू लागले होते.

याच सुमारास उलट्या दिशेचे कामही चालले होते. महादेव विश्वनाथ धुरंधर मूळ कोल्हापूरचे, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले आणि पुढे तिथेच शिकवू लागले. पुराणचित्रे त्यांनीही केली, पण मला त्यांची पोस्टकार्डे अधिक मोलाची वाटतात. मुंबईच्या रस्त्यावरची मोलकरीण, कोळीण, पारशी गृहस्थ, लग्नाची वरात हे त्यांचे विषय. रविवर्मा यांनी रोजच्या साडीला देवत्व दिले. धुरंधरांनी रोजच्या माणसाला तसेच ठेवले आणि तरी पोस्टाने पाठवण्याजोगे केले.

या सगळ्याची दुसरी बाजूही आहे. भगिनी निवेदिता आणि कलासमीक्षक आनंद कुमारस्वामी यांनी रविवर्मा यांच्या चित्रांवर कडाडून टीका केली, आणि पुढे ‘कॅलेंडर आर्ट’ ही शिवीच झाली. त्यातली नाक मुरडण्याची वृत्ती सोडून दिली, तरी एक आक्षेप खरा उरतो. छापील देवी गोरी आली. गावोगावची सावळी, तांदळ्याची म्हणजे न घडवलेल्या दगडाची, शेंदूर फासलेली देवी एका चेहऱ्याखाली झाकली जाऊ लागली. पिंगुळीच्या चित्रातला टोकदार नाकाचा, मोठ्या डोळ्यांचा राम मागे पडला. स्वस्त छपाई जे देते ते सगळीकडे सारखे देते.

पण त्याच स्वस्ताईने आणखी एक गोष्ट केली. ज्यांना देवळाच्या पायरीवर उभे राहू दिले जात नव्हते, त्यांच्या घरातही काही आण्यांची तसबीर जाऊ शकत होती, आणि तिथे तिला कुणी अडवणार नव्हते. 1956 च्या धर्मांतरानंतर असंख्य घरांत जुन्या तसबिरी उतरल्या आणि बुद्ध व बाबासाहेब आले, तेही छापखान्यातूनच. भिंतीवर कोण असावे हे घरातल्या माणसांनी ठरवायचे, हा हक्क छापील चित्राने दिला, असे म्हणणे मला अतिशयोक्ती वाटत नाही.

स्वातंत्र्याच्या आसपास सूत्रे गोव्याच्या दोन चित्रकारांकडे आली. दीनानाथ दलाल (1916–1971) आणि रघुवीर मुळगावकर (1918–1976). आता चित्र मासिकांच्या आणि दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठावरून घरात येत होते. दिवाळी अंकाची वाट ‘मासिक मनोरंजन’च्या का. र. मित्रांनी 1909 मध्येच पाडून ठेवली होती, पण 1945 मध्ये ‘दीपावली’ काढणारे दलाल स्वतःच चित्रकार होते, त्यामुळे चित्र हे अंकाचे भरताड राहिले नाही. दलालांची रेषा लवचिक, रंग सपाट आणि धीट. मुळगावकरांचा हात वेगळा. रंगाच्या फवाऱ्याने ते त्वचेवर असा उजेड आणत, की त्यांचा कृष्ण लोण्याचा वाटे. त्यांची चित्रे कापून चौकटीत घालून देव्हाऱ्याजवळ लावणारी घरे होती. दलालांची मुखपृष्ठे बहुधा कपाटातच राहिली, आणि आज अभ्यासक आवर्जून त्यांच्याकडे वळतात. दोघांत थोर कोण, हा वाद जुन्या वाचकांसमोर काढला तर संध्याकाळ जाते.

नंतरची गोष्ट लवकर संपते. दगडाऐवजी ऑफसेट छपाई आली, कॅलेंडरांची छपाई मोठ्या प्रमाणावर तमिळनाडूतल्या शिवकाशीला गेली, मळवलीचा छापखाना 1972 मध्ये आगीत खाक झाला. पुढच्याच वर्षी जयंतराव साळगावकरांचे ‘कालनिर्णय’ निघाले. तोपर्यंत कॅलेंडर म्हणजे वर मोठे चित्र आणि खाली तारखांचे चिमुकले चौकोन. ‘कालनिर्णय’ने तारखांना पूर्ण पान दिले, त्यात तिथी, सण, एकादश्या भरल्या आणि पाठीमागे लेख व पाककृती छापल्या. बाईला भिंतीवरून रोज काहीतरी मिळत राहिले, फक्त आता ते उपासाच्या थालीपिठाचे प्रमाण होते.

1979 मध्ये केंद्र सरकारने रविवर्मा यांच्या चित्रांना राष्ट्रीय कलाठेवा ठरवले. मूळ चित्रे त्यामुळे देशाबाहेर नेता येत नाहीत. त्यांच्या छापील प्रती मात्र त्या वेळी जुन्या बाजारात लाकडी चौकटीच्या भावाने मिळत असत. आता संग्राहक त्या शोधत फिरतात, आणि जर-टिकल्यांनी सजवलेल्या प्रती प्रदर्शनांतही मांडल्या जातात. चित्राखाली रविवर्मा यांचे नाव छापलेले असते, छापखान्याचेही असते. साडीवरची जर कुणी लावली, ते बहुतेक प्रतींवर कुठेच लिहिलेले नाही.