पाणबुडी गेम्समधला सोनार आणि युद्धातलं खरं ऐकणं

पाणबुडीच्या सिम्युलेशन गेम्समध्ये सोनारचं, म्हणजे आवाजावरून पाण्यातली वस्तू शोधणाऱ्या यंत्रणेचं, एक स्टेशन असतं; त्यात पाण्यातले आवाज टिपणारा मायक्रोफोन म्हणजे हायड्रोफोन, तिथे हेडफोन लावून चाक फिरवायचं आणि पाण्यातून येणाऱ्या आवाजावरून जहाज कुठे आहे ते शोधायचं. सायलेंट हंटर ३ (२००५), डेंजरस वॉटर्स (२००५), कोल्ड वॉटर्स (२०१७), वुल्फपॅक, यूबोट या सगळ्यांत हे कुठल्या ना कुठल्या रूपात आहे, आणि ते कितपत खरं यावर खेळणाऱ्यांत सतत वाद चालू असतो. वाद बहुतेक आवाजाच्या क्वालिटीवर होतो, पण खरा फरक तिथे नाहीच. युद्धात हायड्रोफोन फक्त दिशा सांगायचा, अंतर नाही सांगायचा, आणि सगळं कसब त्या न कळलेल्या अंतरात होतं.

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुड्यांवर, म्हणजे यू-बोटींवर, ग्रुपेनहॉर्खगेरेट, म्हणजे जीएचजी, हे मुख्य यंत्र होतं. टाइप सातसी या प्रकारच्या यू-बोटीवर पुढच्या भागात दोन्ही बाजूंना प्रत्येकी २४ हायड्रोफोन बसवलेले असायचे. ऑपरेटर चाक फिरवायचा तसा प्रत्येक हायड्रोफोनच्या सिग्नलला थोडा थोडा उशीर मिळायचा आणि एका ठरावीक दिशेचे आवाज एकमेकांवर बरोबर बसून मोठे ऐकू यायचे, जिथे सगळ्यात मोठा आवाज ती दिशा. बाजूने येणारा आवाज छान पकडला जायचा, नाकाच्या समोरचा आणि शेपटीमागचा मात्र नीट नाही, मागे तर स्वतःचाच पंखा (प्रोपेलर) आवाज करतोय. एकटं जहाज साधारण २० किलोमीटरवरून आणि मोठा कॉन्व्हॉय (एकत्र चाललेल्या जहाजांचा ताफा) परिस्थिती चांगली असेल तर १०० किलोमीटरवरूनसुद्धा ऐकू यायचा, असे आकडे दिले जातात. पण पृष्ठभागावर डिझेल चालू असताना यातलं काहीच ऐकू येत नसे, त्यामुळे दुर्बिणीतून काही दिसत नसलं की मुद्दाम बुडी मारून, इलेक्ट्रिक मोटरवर हळू चालत, कान लावून बसायचं. ऐकणारा माणूस म्हणजे रेडिओवालाच, त्याची खोली कॅप्टनच्या बिछान्याच्या अगदी समोर, मध्ये फक्त अरुंद वाट, कॅप्टनला उठायचीही गरज नाही, पडदा बाजूला केला की रिपोर्ट मिळतो. रिपोर्ट तरी काय, तर अमुक अंशावर पंख्याचा आवाज, वेगवान की संथ, टर्बाइन की पिस्टनचं इंजिन, वाढतोय की कमी होतोय. पंख्याचे फेरे मोजून वेगाचा अंदाज बांधायचा, बस.

गेममध्ये यातलं बरंच आयतं मिळतं. सायलेंट हंटर ३ मध्ये सोनारवाला लगेच सांगतो की मालवाहू आहे का युद्धनौका, आणि मॅप अपडेट चालू असेल तर नकाशावर रेघही ओढली जाते. वर वेळ १०२४ पट पळवता येते, म्हणजे तासन्‌तास ऐकून कान दमणं, भास होणं, लाटांच्या खळखळीत जहाज निसटणं, हे काही उरतच नाही. माझ्या मते रिअ‍ॅलिझम वाढवायचा तर ग्राफिक्सच्या आधी हे मॅप अपडेट बंद करावं.

नुसत्या दिशांवरून अंतर काढायचं तर आपली पाणबुडी वळवावी लागते आणि दिशा किती झरझर बदलते ते पुन्हा मोजावं लागतं. याचं सोपं सूत्र अमेरिकन नौदलातल्या जॉन एकलुंड यांनी १९५८ मध्ये दिलं, पण त्याआधीच हे काम युद्धात हाताने झालेलं आहे. ९ फेब्रुवारी १९४५ ला नॉर्वेच्या फेद्ये बेटाजवळ ब्रिटिश पाणबुडी व्हेंचररला यू-८६४ या जर्मन पाणबुडीचा आवाज आला. व्हेंचररचा कॅप्टन जिमी लाँडर्सने स्वतःचा पिंग, म्हणजे प्रतिध्वनीवरून अंतर कळावं म्हणून सोडलेला आवाज, पाठवला नाही, कारण पिंग केला की आपण कुठे आहोत ते समोरच्याला कळणार. जवळजवळ तीन तास तो नुसता ऐकत मागे राहिला, मधूनमधून वर आलेली पेरिस्कोपसारखी वस्तू दिसली तेवढीच नजरेची मदत, बाकी दिशा मोजत नागमोडी वळणांचा अंदाज बांधला आणि मग चार टॉर्पेडो वेगवेगळ्या खोलीवर सोडले. पहिले तीन चुकले, चौथा लागला, यू-८६४ वरची सगळी ७३ माणसं गेली. दोन्ही पाणबुड्या पाण्याखाली असताना एकीने दुसरीला बुडवल्याची आजवरची ही एकमेव नोंदलेली घटना आहे. डेंजरस वॉटर्समध्ये हेच गणित स्वतः करायला लावणारं स्टेशन आहे, बहुतेक लोक ते ऑटोवर टाकतात ते वेगळं.

समुद्र स्वतःही गडबड करतो. तापमान बदललं की आवाज वाकतो, त्यामुळे गार पाण्याच्या थराखाली गेलेली पाणबुडी वरच्या जहाजाला सहसा नीट ऐकू येत नाही, हे कोल्ड वॉटर्समध्ये बऱ्यापैकी आलंय. पण उबदार, उथळ पाण्यात एक छोटी कोळंबी असते, नांगी आपटून फोडणीतल्या मोहरीसारखी अखंड तडतड करते, युद्धात अमेरिकन नौदल तिच्यामुळे चक्रावलं होतं, तिचा आवाज गेम्समध्ये जवळपास नसतोच. गरम पाण्यात सोनार किती कमी पडतो हे आपल्याला फार महागात कळलेलं आहे. ९ डिसेंबर १९७१ ला मुंबईहून गेलेली भारतीय युद्धनौका आयएनएस खुकरी दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडी हंगोरने बुडवली. अंधारात पेरिस्कोपमधून काही दिसेना म्हणून हंगोर खाली गेली आणि फक्त सोनारवर हल्ला केला, खुकरीच्या सोनारला ती वेळेत सापडलीच नाही. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले.

आजच्या पाणबुड्या नेमक्या कशा ऐकू येतात हे गुपित असतं, म्हणून आधुनिक गेम्समधले आवाज अंदाजानेच बनवलेले असतात. महायुद्धाचे गेम त्या मानाने सुदैवी, जुनी यंत्रं आता उघड आहेत. सगळ्यात जवळ वुल्फपॅक जातो असं वाटतं, कारण तिथे हायड्रोफोनवर दुसरा खराखुरा खेळाडू बसलेला असतो, तो माईकवर अंश सांगतो, आणि त्याने विनाशिकेला मालवाहू समजून तसंच सांगितलं, तर खोल पाण्यात असताना कॅप्टनला ते कळायला दुसरा मार्ग नसतो.