ऑटोक्रॉसमधील इंजिनबदल व वर्गीकरण

मोटारीचे मूळ इंजिन उतरवून त्या जागी दुसरे बसवणे म्हणजे इंजिनबदल. हौशी स्पर्धकांच्या बोलीत ‘स्वॅप’. अशी गाडी स्पर्धेत कोणत्या वर्गात धरायची, हे ठरवणाऱ्या नियमांपैकी ‘स्पोर्ट्‌स कार क्लब ऑफ अमेरिका’ (स्थापना १९४४) या संस्थेचे ‘सोलो’ (म्हणजे ऑटोक्रॉसचे) नियम सर्वांत तपशीलवार असल्याने येथे प्रामुख्याने त्यांचाच विचार केला आहे.

‘ऑटोक्रॉस’ हा शब्द बहुधा ‘क्रॉस-कंट्री’वरून घडला असावा, मात्र त्याचा अर्थ देशागणिक बदलतो. ब्रिटनमध्ये तो गवताळ वा मातीच्या मैदानावरील शर्यतीला लावतात. १९६७ मध्ये लिडन हिल येथे अवतरलेले रॅलीक्रॉस याच परंपरेतले. अमेरिकेत मात्र विमानतळाच्या धावपट्टीसारख्या मोकळ्या फरसबंद जागेत शंकू मांडून एकेका गाडीची वेळ घेतात. शंकू पाडल्यास दर शंकूमागे २ सेकंद वाढतात. भारतातील ऑटोक्रॉस बहुतांशी मातीवर होत असल्याने तो ब्रिटिश अर्थाला जवळचा.

या ‘सोलो’ नियमांतील, जवळपास मूळ स्थितीतल्या गाड्यांच्या ‘स्ट्रीट’ वर्गात इंजिनबदलाला वाव नाही. ‘स्ट्रीट प्रिपेअर्ड’मध्ये नियमपुस्तकातील गाड्यांच्या यादीत एकाच ओळीत नोंदलेल्या गाड्यांचे भाग एकमेकींना लावता येतात, परंतु इंजिन अखंड संच म्हणूनच न्यावे लागते. एकाचा ब्लॉक (इंजिनाचा मुख्य सांगाडा) आणि दुसऱ्याचे सिलिंडर हेड (त्यावरचा झाकणासारखा भाग) अशी सरमिसळ चालत नाही. अमेरिकी बाजारातील मझ्दा मियाटात १९९०-९३ मध्ये १६०० सीसीचे, तर १९९४ पासून १८०० सीसीचे इंजिन होते. जुन्या, हलक्या गाडीत नंतरचे इंजिन बसवणे हे या सवलतीचे ठळक उदाहरण.

खरा वाद ‘स्ट्रीट मॉडिफाइड’ वर्गातला. तेथे ब्लॉक मूळ गाडीच्याच उत्पादकाचा आणि त्याच नाममुद्रेचा असावा लागतो. मग होंडा सिव्हिकमध्ये अ‍ॅक्युरा इंटेग्राचे इंजिन चालेल काय? अ‍ॅक्युरा हे होंडाचेच विक्रीनाव असल्याने ते चालते. मझ्दा आरएक्स-७ मध्ये शेव्हरोलेचे व्ही-८ चालत नाही. काहींना ही अट कृत्रिम वाटते, कारण गाडीचा वेग बोनेटवरील बिल्ल्यावर अवलंबून नसतो. तथापि बिल्ला तपासणीत डोळ्यांनी दिसतो, ही सोय दुर्लक्षिण्याजोगी नाही. शक्तीचा समतोल राखायला किमान वजनाची अट आहेच: इंजिनाच्या घनक्षमतेबरोबर (सीसी) हे किमान वजन वाढते आणि टर्बो असल्यास घनक्षमता अधिक धरली जाते. शिवाय साधारण मिनिटभराच्या, वळणावळणांच्या मार्गावर नुसत्या ताकदीचा उपयोग मर्यादित. पुढे जड इंजिन आले की नाक वळणाबाहेर ओढले जाते.

याहून मोकळे बदल ‘मॉडिफाइड’ गटात जातात. ‘ई मॉडिफाइड’मध्ये ऑस्टिन-हीली स्प्राइटला मझ्दाचे रोटरी इंजिन बसवलेले आढळते. भिन्न वर्गांची तुलना करताना प्रत्येक वर्गासाठी ठरवलेल्या ‘पॅक्स’ या गुणकाने वेळ गुणतात. समजा गुणक ०.८५०, तर ६० सेकंदांचे ५१ होतात.

भारतात इंजिन क्रमांक आरसी बुकात नोंदलेला असल्याने रस्त्यावर चालवायच्या गाडीत असा बदल करण्यापूर्वी नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते.