पोलीस मालिकांतील कर्त्या स्त्रिया (बेळगाव सीमाभाग)

दूरचित्रवाणीवरील पोलीस मालिकेत तपासाची सूत्रे जिच्या हाती असतात, जी हुकूम सोडते, प्रसंगी चुकते आणि चुकल्याचे भोगतेही, असे स्त्री-पात्र. आरोपीच्या बायकोला पाणी देण्यापुरती वर्दीत उभी केलेली बाई या नोंदीत येत नाही. मालिकांत तिची संख्या मात्र सर्वांत मोठी आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातला आणि हल्याळ-कारवारकडचा मराठी प्रेक्षक ही पात्रे पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाइतकीच आवडीने पाहतो, पण जरा वेगळ्या जागेवरून. पडद्यावरची मॅडम मराठीत नाहीतर हिंदीत दरडावते. गल्लीच्या टोकाला असलेल्या पोलीस स्थानकातली मॅडम ‘एन्री, हेळ्री’ (कन्नडमध्ये ‘काय हो, सांगा’) म्हणून वर बघते.

या प्रकाराची भारतातली सुरुवात ‘उडान’पासून धरतात. दूरदर्शनवर १९८९ मध्ये आलेली ही मालिका कविता चौधरी यांनी लिहिली, दिग्दर्शित केली आणि कल्याणी सिंग ही मुख्य भूमिकाही स्वतःच केली. कथेला आधार होता त्यांच्या थोरल्या बहिणीच्या आयुष्याचा. ती बहीण म्हणजे कांचन चौधरी भट्टाचार्य, १९७३ च्या तुकडीच्या आयपीएस अधिकारी. १९७२ मध्ये सेवेत आलेल्या किरण बेदी या देशातल्या पहिल्या स्त्री आयपीएस, कांचन या दुसऱ्या. पुढे २००४ मध्ये त्या उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या, आणि राज्याच्या पोलीस दलाच्या प्रमुखपदी बाई बसण्याची ती देशातली पहिली वेळ. कर्नाटकात हे पद नीलमणी राजू यांच्याकडे २०१७ मध्ये आले, महाराष्ट्रात रश्मी शुक्ला यांच्याकडे २०२४ मध्ये. म्हणजे दिवाणखान्यातल्या टीव्हीने मुंबई-बंगळूरला बरीच वर्षे मागे टाकले होते.

‘उडान’चे मोठेपण कल्याणीने किती गुंड लोळवले यात नाही. जमिनीच्या भांडणात नाडलेला बाप, दाद न देणारी व्यवस्था आणि ‘आपणच तिथे जाऊन बसलो तर?’ असा विचार करणारी मुलगी, इतकी साधी तिची मांडणी. अर्ज, अभ्यास, अपयशाची भीती, प्रशिक्षणातली दमछाक हे सगळे सावकाश दाखवले. बापाच्या भूमिकेत विक्रम गोखले होते, त्यामुळे मराठी घरांना ती निम्मी आपलीच वाटली. तेव्हा दूरदर्शनची राष्ट्रीय वाहिनी सगळीकडे एकच. बेळगावच्या अनगोळमध्ये आणि कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत एकाच वेळी एकच कल्याणी दिसत होती. राज्याप्रमाणे वाहिन्यांचे वेगवेगळे पॅक ही नंतरची गोष्ट. आता सीमाभागात मराठी वाहिन्या कर्नाटकाच्या पॅकमध्ये आहेत की वरून पैसे भरून घ्यायच्या, हे आधी केबलवाल्याला विचारावे लागते.

परदेशात हा प्रकार थोडा आधी रुजला. अमेरिकेत १९७४ मध्ये ‘पोलीस वुमन’ आली, पण खरा फरक पडला तो १९८२ पासूनच्या ‘कॅग्नी अँड लेसी’ने. दोन स्त्री-पोलीस एकमेकींच्या जोडीदार असलेली ही मालिका. पहिल्या काही भागांनंतर कॅग्नी करणारी मेग फॉस्टर बदलून शॅरन ग्लेस आणली, कारण वाहिनीतल्या मंडळींना आधीची जोडी फारच दांडगट वाटली. मालिका १९८३ मध्ये बंद केली, तर प्रेक्षकांनी पत्रांचा पाऊस पाडून ती परत आणायला लावली. एमी या अमेरिकी दूरचित्रवाणी पुरस्कारांतले नाट्यमालिकेतील सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे पारितोषिक १९८३ ते १९८८ अशी सलग सहा वर्षे या दोघींपैकीच कुणाला तरी मिळत गेले: टाइन डेलीला चार, ग्लेसला दोन. ब्रिटनमध्ये १९९१ च्या ‘प्राइम सस्पेक्ट’मध्ये हेलन मिरेनची जेन टेनिसन खुनाचा तपास ताब्यात घेते आणि हाताखालचे सगळे पुरुष तोंड फिरवतात. ‘मॅम’ म्हणू नका, मी काही राणी नव्हे, असे ती त्यांना ठणकावते. आपल्याकडे नेमके उलटे. ‘मॅडम’ हीच पदवी, तिच्यापुढे आडनावाचीही गरज नाही. सब वाहिनीवरच्या लखनौच्या महिला ठाण्यावरील विनोदी मालिकेने (२०२०–२३) ‘मॅडम सर’ हे नाव घेतले, त्यात हा सगळा गोंधळ आपसूक आला.

‘सीआयडी’चा उल्लेख टाळता येत नाही. १९९८ ते २०१८ चालून २०२४ च्या डिसेंबरात ती परत आली. सीमाभागात आजही घरातल्या कुणी खोदून खोदून प्रश्न विचारले की त्याला ‘प्रद्युमन’ म्हणतात. पण तिच्यातल्या बायका मोजून पाहाव्यात. प्रद्युमन, अभिजीत, दया हे तिघे जागचे हलले नाहीत. आशा, पूर्वी, श्रेया अशा स्त्री-अधिकारी मात्र येत-जात राहिल्या. टिकली ती डॉ. तारिका, आणि ती प्रयोगशाळेत. दार फोडायचे काम शेवटपर्यंत दयाचेच.

मराठीत ‘लक्ष्य’ने (स्टार प्रवाह, २०११ पासून) स्त्री-अधिकाऱ्याला रोजच्या तपासात बरोबरीने वावरू दिले, अदिती सारंगधरची सलोनी लोकांच्या लक्षात राहिली ती त्यामुळेच. झी मराठीवरच्या ‘देवमाणूस’मध्ये (२०२०–२१) नेहा खानची एसीपी (सहायक पोलीस आयुक्त) दिव्या सिंग खुनी डॉक्टरच्या मागावर येते आणि डॉक्टर तिलाही गोड बोलून गुंडाळू पाहतो. पात्र ठसठशीत, पण तिचे पद चुकलेले. एसीपी हे पद फक्त पोलीस आयुक्तालयाच्या शहरात असते. सातारी वळणाच्या खेड्यात यायचा तो डीवायएसपी, म्हणजे पोलीस उपअधीक्षक. बेळगावकरांना हा फरक अनुभवाने ठाऊक आहे, कारण २०१४ मध्ये शहराला आयुक्तालय मिळेपर्यंत त्यांनी एसीपी टीव्हीवरच पाहिला होता.

भरतीची तयारी करणारी पोरे असल्या चुका लगेच पकडतात. त्यांची नजर जाते ती खांद्यावर. पीएसआयला दोन तारे आणि लाल-निळी फीत, पीआयला तीन तारे आणि फीत, डीवायएसपीला तीन तारे पण फीत नाही. मालिकेत ‘पीआय मॅडम’ म्हणून हाक मारतात आणि खांद्यावर फीत नसते, की घरातली अठरा वर्षांची मुलगी चहा ठेवता ठेवता म्हणते, ‘ही प्रमोशन होऊन आल्या बघ गे.’ वर्दीवर मोकळे सोडलेले केस, हा दुसरा नेहमीचा आक्षेप. तो मात्र आज्जी घेतात.

शब्दांचाही घोळ आहे. मराठी मालिकेतली अधिकारी ‘ठाण्यात चला’ म्हणते. बेळगावची मराठी वर्तमानपत्रे लिहितात ‘पोलीस स्थानक’. आणि त्या स्थानकाच्या दारावरच्या कन्नड पाटीवर काय असते? ‘पोलीस ठाणे’. मालिकेतला ‘ठाणे अंमलदार’ इथे भेटत नाही. इथे ‘एसएचओ’ (स्टेशन हाउस ऑफिसर), आणि दोन-चार ठाण्यांवर मिळून ‘सीपीआय’ (सर्कल पोलीस इन्स्पेक्टर), हे पद महाराष्ट्रातल्या मालिकेत कधी ऐकू येणार नाही. तक्रार सांगणारी बाई मराठीत सांगते, समोरची महिला कॉन्स्टेबल बहुतेक वेळा समजून घेते, उत्तरही मराठीत देते, आणि रायटर कागदावर कन्नड उतरवत जातो. सही करण्याआधी ‘काय लिहिलंय ते वाचून दाखवा की’ म्हणावे लागते. तपासाचे एवढे प्रसंग टीव्हीवर येऊन गेले, हा एक अजून कुठल्या मालिकेत आलेला नाही.

कन्नड पडद्याचीही एक बाजू आहे. मालाश्रीने १९९१ मध्ये ‘एस. पी. भार्गवी’ हा चित्रपट केला, त्याआधी १९९० मध्ये आलेल्या तेलुगू ‘कर्तव्यम्’ चित्रपटातल्या पोलीस अधिकाऱ्याच्या भूमिकेसाठी विजयशांतीला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. या बायका लाथाबुक्क्यांनी बोलणाऱ्या, मराठी मालिकेला न झेपणाऱ्या. मात्र इतर भाषांतल्या मालिका कन्नडमध्ये डब करायला कर्नाटकात तिथल्या संघटनांची दीर्घकाळ अघोषित बंदी होती. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१५ मध्ये ती गैर ठरवली. तोवर हिंदी पोलीस मालिका मुळातूनच पाहायची, आणि मराठी घरांना ते सोपे गेले. शेजारच्या कन्नड घरातली बाई ‘काय म्हणाली ती?’ विचारायला यायची, हे त्या काळातले सरसकट चित्र.

वडगाव, खासबाग, शहापूर भागांत घरोघरी यंत्रमाग. माग सुरू असला की टीव्हीचा आवाज कितीही वाढवा, शब्द पोचत नाही. साडी विणता विणता मालिका पाहिली जाते ती चेहऱ्यांवरून. अशा प्रेक्षकासाठी अधिकारी कणखर आहे की नाही हे संवाद ठरवत नाहीत. ती खुर्चीत कशी बसते, फाइल कशी टाकते, कुणासमोर उभी राहते, यावरून ते ठरते. ‘दिल्ली क्राइम’मधली (२०१९) शेफाली शाहची वर्तिका चतुर्वेदी आवाज बंद करूनही कळते. न झोपलेला चेहरा, हातात सतत फोन. या मालिकेला २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय एमी मिळाला. ‘दहाड’मधली (२०२३) सोनाक्षी सिन्हाची अंजली भाटी मोटारसायकलवरून गावात शिरते, तेवढ्यावरच अर्धे पात्र उभे राहते. दोन्ही मालिका मोबाइलवर आल्या, मागाशेजारच्या टीव्हीवर नव्हे. त्यामुळे त्या पाहिल्या मुलींनी, आयांनी नाही.

आयांनी पाहिली ती ‘फुलाला सुगंध मातीचा’ (स्टार प्रवाह, २०२०–२२). हिंदी ‘दिया और बाती हम’चा हा मराठी अवतार. मिठाईवाल्याच्या घरातली सून कीर्ती आयपीएस होऊ पाहते, नवरा पाठीशी, सासू जिजी अक्का आडवी. ‘उडान’मध्ये कल्याणीची झुंज व्यवस्थेशी होती. तीस वर्षांनी कीर्तीची निम्मी ताकद सासूची परवानगी मिळवण्यात खर्च होते, आणि बराच काळ मालिका पोलिसांची आहे की स्वयंपाकघराची, हेच कळत नाही. समीक्षकांनी नाक मुरडावे असा हा प्रकार खरा. तरी खानापूर तालुक्यातल्या ज्या घरात मुलीने धावायला जाण्यावरून रोज कुरकुर होते, तिथे जिजी अक्कांची कुरकुर जास्त खरी वाटते, कल्याणीच्या भाषणापेक्षाही.

कीर्तीसारखी यूपीएससीची मुख्य परीक्षा द्यायची तर राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली भाषा निवडता येते, म्हणजे बेळगावच्या मुलीला ती मराठीतून लिहिता येते. स्वतःच्या जिल्ह्यात पीएसआय व्हायचे असेल तर मात्र कर्नाटकाच्या भरतीत लेखी परीक्षेचा पहिला पेपर निबंधाचा आणि कन्नड-इंग्रजी भाषांतराचा आहे. त्यामुळे संध्याकाळी मैदानावरून धावून आलेल्या मुली मराठी शाळेतून दहावी झालेल्या असल्या तरी रात्री कन्नड वर्तमानपत्राचा अग्रलेख समोर घेऊन बसतात. मालिका तोवर बाहेरच्या खोलीत चालू असते.