कोयनेच्या भिंतीला तडा नेमका तिथेच का गेला?

सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात कोयना नदीवर उभी असलेली कोयना धरणाची १०३ मीटर उंचीची भिंत केवळ स्वतःच्या वजनाच्या जोरावर पाणी अडवते. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढत जातो. दर मीटरमागे चौरस मीटरवर एक टन, असा हा सोपा हिशेब आहे. ९१ मीटर पाणी साठले असता भिंतीच्या एक मीटर रुंदीच्या पट्ट्यावर सुमारे ४,१०० टनांचा आडवा रेटा बसतो आणि तेवढ्याच पट्ट्यातील दगड-काँक्रीटचे वजन याच्या दुपटीहून अधिक भरते. रेटा तळाशी सर्वाधिक असल्याने भिंतही तळाशी रुंद, सुमारे ७० मीटर, आणि वर निमुळती ठेवली आहे.

या त्रिकोणी आकारात कोयनेच्या बाबतीत मात्र एक खोट राहिली. माथ्यापासून सुमारे ३६ मीटर खाली, नदीच्या बाजूला (म्हणजे साठलेल्या पाण्याच्या उलट बाजूला), भिंतीचा उतार एकाएकी बदलतो. त्याच्या वरचा भाग जवळजवळ उभा आहे. धरण आधी टप्प्याटप्प्याने उंच करायचे ठरले होते आणि काम चालू असताना ते एकदम पूर्ण उंचीचे करण्याचा निर्णय झाला, त्यातून हा आकार आला. पाण्याचा रेटा पेलण्यास तो पुरेसा होता, हे आवर्जून सांगायला हवे.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला आणि भिंतीची परीक्षा वेगळीच झाली. पाटण खोऱ्यात पावणेदोनशेच्या आसपास माणसे दगावली. त्या रात्रीची आठवण तेथील घराघरांत आजही आहे. धरण बांधताना भूकंपाचा जोर भिंतीच्या वजनाच्या पाच टक्के, आणि तोही तळापासून माथ्यापर्यंत सारखाच, असा धरला होता. धरणातच बसवलेल्या यंत्राने मात्र प्रवाहाच्या दिशेने गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ निम्म्याइतका धक्का नोंदवला. शिवाय भिंत हादरताना सगळीकडे सारखी हलत नाही. वाऱ्यात उसाचा बुडखा जागीच राहावा आणि शेंडा झुलावा, तसा तिचा माथा तळापेक्षा कितीतरी जास्त हलतो. त्या हालचालीचा सगळा ताण उतार बदलतो त्या अरुंद जागी एकवटला. काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण ताणाला लवकर फाटते. म्हणून सांडव्याबाहेरच्या उंच भागांत, पाण्याच्या आणि नदीच्या अशा दोन्ही बाजूंना, त्याच पातळीवर आडव्या भेगा पडल्या. बुटक्या आणि वेगळ्या आकाराच्या सांडव्याला तसे मोठे नुकसान झाले नाही.

दुरुस्तीही याच निदानावर बेतलेली होती. आधी भेगांत इपॉक्सी (घट्ट चिकटून कडक होणारे रसायन) भरले, वरच्या भागातून पोलादी केबल ताणून तो खालच्या भागाशी आवळला आणि त्यानंतर नदीच्या बाजूने काँक्रीटचे जाड टेकू उभारले, जेणेकरून ज्या ठिकाणी भिंत एकदम अरुंद होत होती, तेथे तिला पाठीमागून आधार मिळाला.