सुरक्षा लेखापरीक्षण, औद्योगिक

कारखान्यात किंवा अन्य कामाच्या ठिकाणी अपघात टाळण्यासाठी ठरवून दिलेली व्यवस्था प्रत्यक्षात कशी चालते, हे त्या व्यवस्थेत हितसंबंध नसलेल्या जाणकारांनी ठरावीक पद्धतीने पारखून लेखी अहवाल देण्याची प्रक्रिया. व्यवहारात ‘सेफ्टी ऑडिट’ हीच संज्ञा रूढ आहे. सुरक्षा अधिकाऱ्याची रोजची फेरी, कारखाना निरीक्षकाची कायदेशीर तपासणी आणि लेखापरीक्षण यांची अनेकदा गल्लत होते. फेरीत प्रेस मशिनची निघालेली जाळी दिसली की ती बसवून घेतात. लेखापरीक्षकाला ती किती दिवस निघालेली होती, देखभाल विभागाकडे तक्रार गेली होती का आणि गेली असल्यास कोणाच्या टेबलावर अडली, इतके मागे जावे लागते. प्रक्रियेच्या रचनेतील धोके शोधणारा ‘हॅझॉप’ अभ्यासही वेगळा. तो झाला आहे का आणि त्यातील शिफारशींचे पुढे काय झाले, एवढेच लेखापरीक्षणात पाहतात.

उगम : या पद्धतीच्या उगमाबद्दल एकमत नाही. धोकादायक यंत्रांना आवरण घालण्याची सक्ती ब्रिटनमध्ये १८४४ च्या कायद्याने आली. भारतात १८८१ च्या पहिल्या कारखाने अधिनियमात तिला स्थान मिळाले. त्यापूर्वी १८७५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांची स्थिती तपासण्यासाठी आयोग नेमला गेला होता. काही लेखक लेखापरीक्षणाचे मूळ या सरकारी निरीक्षणाच्या परंपरेत शोधतात. दुसऱ्या मतानुसार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकी विमा कंपन्या बॉयलर आणि आगीच्या जोखमीची जी पाहणी करीत, तिचेच हे विकसित रूप होय. तिसरे मत रासायनिक उद्योगाकडे बोट दाखवते : १९६० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश रासायनिक उद्योगाने अमेरिकी कंपन्यांच्या पद्धती अभ्यासल्या आणि पुढच्या काही वर्षांत उद्योगाच्या संघटनेने लेखापरीक्षणासाठी मार्गदर्शिका काढली. पहिल्या दोन परंपरांत यंत्र आणि इमारत तपासली जाई, तर व्यवस्थापनाचे निर्णय तपासण्याची कल्पना तिसऱ्या परंपरेतच स्पष्टपणे दिसते. त्यामुळे आजच्या अर्थाने लेखापरीक्षणाचा आरंभ साधारणतः १९७० च्या आसपास मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

१ जून १९७४ रोजी इंग्लंडमधील फ्लिक्सबरो येथील कारखान्यात सायक्लोहेक्झेन या ज्वालाग्राही रसायनाचा स्फोट होऊन २८ जण मृत्युमुखी पडले आणि या कल्पनेला बळ आले. तडा गेलेली एक अभिक्रियापात्र टाकी काढून तिच्या जागी तात्पुरती नळी जोडली होती. त्या नळीचे रीतसर रेखाचित्र नव्हते. कार्यशाळेच्या फरशीवर खडूने काढलेल्या आकृतीवरून ती बनवली गेली होती. नेहमीच्या फेरीत अशी नळी बघणाऱ्याला खटकेलच असे नाही. ‘हा बदल कोणी मंजूर केला?’ हा प्रश्न विचारला तरच ती पकडली जाते. ‘बदलांचे नियंत्रण’ हे प्रकरण आजच्या प्रश्नावल्यांत हमखास असते, त्याला ही पार्श्वभूमी आहे.

भोपाळ आणि भारतातील कायदा : मे १९८२ मध्ये अमेरिकेतील मूळ कंपनीच्या तिघा तज्ज्ञांनी भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्याची सुरक्षा पाहणी केली. त्यांनी ६१ धोके नोंदवले. त्यांपैकी ३० गंभीर होते आणि ११ फॉस्जीन व मिथाइल आयसोसायनेट या विषारी रसायनांच्या विभागांतील होते. मात्र तातडीने दुरुस्त करावा असा कोणताही आसन्न धोका दिसला नाही, असेही त्याच अहवालात म्हटले होते. पुढे कारखान्याने त्रुटी बव्हंशी दूर झाल्याचे कळवले. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला तेव्हा टाकी थंड ठेवणारी शीतयंत्रणा बंद होती, वायू जाळणाऱ्या ज्वालास्तंभाची नळी दुरुस्तीसाठी सुटी केलेली होती आणि पाण्याचे फवारे वायू बाहेर पडत होता त्या उंचीपर्यंत पोहोचत नव्हते.

या पाहणीचा अर्थ अभ्यासक दोन प्रकारे लावतात. काहींच्या मते ती मुळातच अपुरी होती, कारण तिने धोक्यांची यादी केली पण त्यांचा अग्रक्रम ठरवला नाही. इतरांच्या मते दोष पाठपुराव्याचा होता. त्रुटी दूर झाली की नाही, हे ज्याची ती त्रुटी त्यानेच कळवायचे आणि ते मान्य व्हायचे. उपलब्ध वृत्तांत पाहता दुसऱ्या मताला आधार अधिक आहे. शिवाय १९८२ नंतर दोन वर्षांत बंद पडलेल्या यंत्रणा १९८२ च्या अहवालात येणे शक्यच नव्हते. लेखापरीक्षण एकदा करून भागत नाही, याला याहून भयंकर पुरावा नाही.

या दुर्घटनेनंतर कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये १९८७ साली दुरुस्ती होऊन धोकादायक प्रक्रियांसाठी ‘चार-अ’ हे प्रकरण घातले गेले. कामगारांच्या सहभागाची सुरक्षा समिती (कलम ४१-ग) आणि आसन्न धोका भोगवटादाराच्या (कारखान्यावर अंतिम नियंत्रण असलेल्या व्यक्तीच्या) नजरेस आणून देण्याचा कामगाराचा हक्क (४१-ह) त्यातूनच आले. लेखापरीक्षणाची स्पष्ट सक्ती मात्र पर्यावरण (संरक्षण) अधिनियमाखालील घातक रसायने नियम, १९८९ मधून आली. त्यांच्या १९९४ च्या दुरुस्तीनुसार ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त साठा असलेल्या ठिकाणी (उदा., क्लोरीन २५ टन) भोगवटादाराने त्या उद्योगाशी संबंध नसलेल्या तज्ज्ञाकडून लेखापरीक्षण करून घ्यावे, ते दरवर्षी नव्याने करावे आणि अहवाल आपल्या अभिप्रायासह ३० दिवसांत संबंधित प्राधिकरणाला पाठवावा लागतो. ‘आपल्या अभिप्रायासह’ ही अट महत्त्वाची आहे, कारण अमान्य शिफारस अमान्य का, हे भोगवटादाराला लिहून द्यावे लागते. कार्यपद्धतीसाठी भारतीय मानक आयएस १४४८९ (१९९८; सुधारित २०१८) प्रमाण मानतात.

पूर्वतयारी : लेखापरीक्षक सहसा दोन-तीन जणांचे पथक करतात. त्यात प्रक्रियेचा, विद्युत कामाचा आणि अग्निसुरक्षेचा जाणकार असणे इष्ट. कारखान्याची प्रश्नावली, आराखडा, रसायनांची यादी व साठा, मागील लेखापरीक्षणाचा अहवाल, अपघात नोंदवही आणि सुरक्षा समितीच्या बैठकांची इतिवृत्ते आधी मागवतात. वाचनाचा आरंभ मागील अहवालापासून करणे उत्तम. तीच शिफारस तिसऱ्यांदा आढळली, तर यंत्रापेक्षा व्यवस्थापनाबद्दल ती अधिक सांगते. प्रत्यक्ष काम प्रारंभिक बैठकीने सुरू होते. तीत कारखाना व्यवस्थापक हजर असावा आणि रात्रपाळी व कंत्राटी कामगारांची कामे पाहण्याची मुभा तेथेच मिळवावी, कारण नंतर ती मिळणे अवघड जाते.

कागदपत्रांची पडताळणी : कायद्याने ठरवलेल्या मुदती प्रथम पाहतात. लिफ्ट व हॉइस्टची परीक्षा दर ६ महिन्यांनी, उचलयंत्रे, साखळ्या व दोर यांची दर १२ महिन्यांनी सक्षम व्यक्तीकडून व्हावी लागते. दाखल्यावरचा क्रमांक आणि यंत्रावर कोरलेला क्रमांक जुळवून पाहावा. सेफ्टी व्हॉल्व्हच्या बाबतीत ही दक्षता विशेष लागते, कारण दुरुस्तीसाठी काढलेले व्हॉल्व्ह परत बसवताना त्यांची अदलाबदल होते.

अपघातांची वारंवारता आयएस ३७८६ नुसार काढतात : कामाचे तास बुडवणाऱ्या इजांची संख्या गुणिले १० लाख, भागिले एकूण मनुष्यतास. ही संख्या शून्य आली की बरेच लेखापरीक्षक पुढे सरकतात. तसे करू नये. कारखाने अधिनियमाच्या कलम ८८ नुसार ४८ तास वा अधिक काळ काम करता येणार नाही अशा इजेची सूचना निरीक्षकाला द्यावी लागते. ती टाळण्यासाठी बोटाला टाके पडलेल्या कामगाराला दुसऱ्या दिवशी बोलावून गेटजवळ ‘हलक्या कामावर’ बसवण्याची चाल अनेक ठिकाणी आहे. प्रथमोपचार पेटीची नोंदवही, कामगार विम्याची कागदपत्रे आणि हजेरीपट शेजारी ठेवले की ती उघड होते. जखमी माणसाची जखम आकड्यात येऊ नये म्हणून त्याला कामावर बसवणे हा केवळ नोंदीचा दोष नव्हे, अन्याय आहे. अहवालात तो त्याच शब्दांत यावा.

कार्यपरवाना : वेल्डिंग, उंचीवरचे काम, बंदिस्त टाकीत उतरणे, विद्युत दुरुस्ती अशा कामांना लेखी परवाना (वर्क परमिट) लागतो. लेखापरीक्षणात सर्वाधिक वेळ यावर घालवावा, असे अनुभवी परीक्षक सांगतात. चालू परवाना हातात घेऊन कामाच्या जागी जायचे. वायुचाचणीची वेळ सकाळी साडेनऊची आणि काम दुपारी जेवणानंतर सुरू झालेले, तर ती चाचणी निरुपयोगी. तीन दिवसांच्या परवान्यांवर ऑक्सिजनचा एकच आकडा, एकाच शाईत आणि एकाच हस्ताक्षरात आढळला, तर चाचणी झाली का याचीच शंका घ्यावी. टाकीत उतरलेल्याजवळचा दिवा २४ व्होल्टपेक्षा जास्त दाबाचा नसावा (कलम ३६-अ). म्हणून वायरचा माग काढत ट्रान्सफॉर्मरपर्यंत जावे. बाहेर उभा राहणारा माणूस नेमला आहे का, आणि आत कोणी बेशुद्ध पडल्यास त्याने काय करायचे हे त्याला ठाऊक आहे का, हे त्यालाच विचारावे. ‘उतरून बाहेर काढतो’ असे उत्तर आले, तर एकाऐवजी दोन मृत्यूंची तयारी झालेली असते. स्वीच बंद करून लावलेल्या कुलपाची किल्ली कोणाच्या खिशात आहे, तेही पाहावे. ती काम करणाऱ्याच्याच खिशात हवी.

उत्तर समुद्रातील पायपर अल्फा तेलफलाटावर ६ जुलै १९८८ रोजी १६७ जणांचा बळी गेला. तेथील परवानापद्धतीची लेखापरीक्षणे पूर्वी झाली होती. प्रत्यक्ष व्यवहार लेखी पद्धतीपासून किती दूर गेला आहे हे त्यांत पुढे आले नव्हते, असे लॉर्ड कलन यांच्या चौकशीत दिसून आले.

स्थळपाहणी व मुलाखती : स्थळपाहणीत वस्तू आहे एवढ्यावर थांबू नये, ती चालवून पाहावी. डोळे धुण्याचा नळ सोडला की गंजाचे तांबडे पाणी येते का, सर्वांत दूरच्या हायड्रंटला (आग विझवण्याच्या पाण्याच्या नळाला) दाब मिळतो का, वीज घालवल्यावर डिझेल पंप आपोआप सुरू होतो का, वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी सुळका सगळीकडून दिसतो का, अशा चाचण्या थोड्या वेळात होतात. कलम १०८ नुसार सूचनाफलक इंग्रजीबरोबर बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेत हवेत. आज महाराष्ट्रातील अनेक औद्योगिक क्षेत्रांत कंत्राटी कामगार उत्तरेकडून व पूर्वेकडून येतात. तेथे मराठी फलकही पुरत नाही.

मुलाखती एकेकट्याने, पर्यवेक्षकाच्या अनुपस्थितीत घ्याव्यात. ‘सुरक्षेचे नियम पाळता का?’ याला ‘हो साहेब’ याशिवाय उत्तर येत नाही. ‘मागच्या महिन्यात थोडक्यात वाचलात असे काही झाले का?’ असे विचारले की माणूस बोलू लागतो. बोलणाऱ्याचे नाव अहवालात येऊ नये.

अहवाल : समारोपाच्या बैठकीत प्रमुख निष्कर्ष तोंडी मांडतात, म्हणजे वस्तुस्थितीविषयीचे वाद तेथेच मिटतात. जिवावर बेतणारा धोका दिसल्यास अहवालाची वाट न पाहता काम थांबवण्याची लेखी शिफारस त्याच दिवशी द्यावी. प्रत्येक निष्कर्षापुढे जागा, पुरावा, संबंधित कलम वा मानक, धोक्याची श्रेणी, जबाबदार व्यक्तीचे पद आणि मुदत लिहितात. गुण देण्याची पद्धतही आहे. पण शंभरपैकी नव्वद गुण मिळवणाऱ्या कारखान्याचे उरलेले दहा गुण नेमके क्लोरीनच्या साठ्यावर गेलेले असू शकतात. म्हणून एकूण गुणांवर भिस्त ठेवणे योग्य नाही. पूर्ततेची खात्री पुढील भेटीत जागेवर जाऊनच करावी.

महाराष्ट्र व गोवा : महाराष्ट्रात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय ही अंमलबजावणी यंत्रणा असून राज्याने सुरक्षा लेखापरीक्षणासाठी २०१४ मध्ये स्वतंत्र नियम केले. तारापूर, पाताळगंगा, रोहा, महाड, लोटे-परशुराम आणि कुरकुंभ हे रासायनिक पट्टे त्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे. डोंबिवलीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी झालेल्या स्फोटांनी लोकवस्तीला खेटून असलेल्या कारखान्यांचा प्रश्न पुढे आणला. लेखापरीक्षणात कुंपणाबाहेरची वस्ती सहसा आपत्कालीन आराखड्यापुरतीच येते, ही उणीव आहे. प्रशिक्षणाच्या बाबतीत शीव येथील केंद्रीय श्रम संस्था आणि ४ मार्च १९६६ रोजी स्थापन झालेली राष्ट्रीय सुरक्षा परिषद यांचे काम मोठे आहे. गोव्यात हे काम कारखाने व बॉयलर निरीक्षणालयाकडे आहे.

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिने कारखाने अधिनियमासह १३ कायदे सामावून घेतले असल्याने वर दिलेली कलमे १९४८ च्या अधिनियमाची आहेत, हे लक्षात ठेवावे. सुरक्षा अधिकारी नेमण्याची मर्यादा पूर्वीच्या १,००० कामगारांवरून सर्वसाधारण कारखान्यांत ५०० वर आणि धोकादायक प्रक्रिया असलेल्या ठिकाणी २५० वर आली. रसायनविषयक नियम पर्यावरण कायद्याखालचे असल्यामुळे वार्षिक लेखापरीक्षणाची त्यांतील सक्ती कायम आहे. पन्नासेक माणसांचे प्रेस शॉप, पॉलिशिंग वा पावडर कोटिंगचे गाळे मात्र या साऱ्या मर्यादांच्या खाली राहतात.