टेकडीची पायवाट आणि ग्रॅव्हलचा रस्ता: पुण्यातला जुना घोळ

पुण्यात नवी ग्रॅव्हल सायकल, म्हणजे कच्च्या रस्त्यांवर लांब पल्ल्यासाठीची सायकल, घेतलेल्याने "कुठे नेऊ?" असं विचारलं की उत्तरं ठरलेली असतात. वेताळ टेकडी. तळजाई. आणि सांगणाऱ्याचा उत्साह फारच ओसंडत असेल तर कात्रज ते सिंहगड, म्हणजे 'के टू एस'. मग तो बिचारा टेकडी चढायला जातो, निम्मा वेळ सायकल खांद्यावर वागवतो, उतरताना एकदा तरी आपटतो आणि थोड्याच दिवसांत ती विकायला काढतो. वर "ग्रॅव्हल म्हणजे धड रोड नाही, धड एमटीबी (माउंटन बाइक) नाही" हेही ऐकवतो. सायकल बिचारी निर्दोष असते.

टेकडीबद्दल पुणेकराला मी काय सांगणार! वेताळ टेकडी शहरातली सगळ्यात उंच, समुद्रसपाटीपासून 800 मीटरच्या आसपास, म्हणजे शहरापेक्षा साधारण सव्वादोनशे मीटर वर. खाण, गिरिपुष्पाची झाडी, मोर, सकाळची गर्दी. हे सगळं तुमच्या पायाखालचं आहे, तेव्हा पुढे जाऊ.

सायकलींमधले फरकही एका दमात उरकतो, कारण लोक नेमके त्यातच अडकतात. ग्रॅव्हलला वाकडं ड्रॉप हँडल, एमटीबीला सरळ. ग्रॅव्हलचा टायर साधारण 38 ते 45 मिलिमीटर, एमटीबीचा 55 ते 60. ग्रॅव्हलला पुढे सहसा शॉक ॲब्सॉर्बर नसतो, एमटीबीला असतो. झालं. तुमच्या जुन्या हायब्रिडच्या फ्रेममध्ये 40 चा टायर मोकळेपणाने फिरत असेल तर खुशाल न्या, कुणी अडवणार नाही. ड्रॉप हँडल नसेल तर ती खरी ग्रॅव्हल नव्हेच, असा वाद घालणाऱ्यांना चहा पाजून वाटेला लावावं.

खरी गोम वाटेत आहे. बहुतेक लोक वाट खडबडीतपणावरून ओळखतात: फार दगडधोंडे असतील तर एमटीबीची, त्यातल्या त्यात बरी असेल तर ग्रॅव्हलची. घोळाचं मूळ हेच. टेकडीवरची वाट रोजच्या हजारो बुटांनी घासून इतकी गुळगुळीत झालेली असते की पाहताक्षणी मोह पडावा. उलट पुरंदरातला एखादा पाणंद रस्ता, म्हणजे शेतांमधून जाणारी गाडीवाट, मुठीएवढ्या दगडांनी भरलेला असतो. तरीही टेकडीची ती वाट ग्रॅव्हलची नाही आणि हा पाणंद रस्ता आहे.

बघायचं एवढंच, की वाट पायांसाठी पडली की चाकांसाठी. माणूस आणि शेळी डोंगर सरळ चढतात. दम लागला की थांबतात, दगड आला की पाय उचलतात. भरलेल्या गाडीला यातलं काही जमत नाही. तिला बैल ओढतील एवढाच चढ लागतो, धुरा वळेल एवढी वळणं लागतात आणि दोन चाकं मावतील एवढी रुंदी लागते. आषाढी वारीत माउलींच्या रथाला दिवे घाटासाठी जादा बैलजोड्या जुंपतात, तोही घाट मुळात चाकांसाठी काढलेला असताना. चाकाच्या मागण्या अशा कडक असतात, आणि तुमच्या सायकलला दोन चाकंच आहेत.

सिंहगडावर हा फरक एकाच डोंगरावर दिसतो. आतकरवाडीतून निघालेली पायवाट अडीच-पावणेतीन किलोमीटरमध्ये जवळपास 600 मीटर चढते. गाडीरस्ता तेवढीच उंची गाठायला आठ-नऊ किलोमीटर घेतो. तो आता डांबरी आहे, म्हणून ग्रॅव्हलमध्ये मोडत नाही. पण आखणी बघा. पायवाटेचा चढ सरासरी 20 टक्क्यांच्या वर जातो, रस्त्याचा सहा-सात टक्क्यांच्या घरात राहतो.

सुट्या मुरमावर 20 टक्क्यांचा चढ आला की काय होतं? बसून पॅडल मारलं तर पुढचं चाक हलकं होऊन भरकटतं. उभं राहिलं तर मागच्या चाकावरचा भार जातो आणि ते जागच्या जागी गरगरतं. गाडीवाटेवर अशा वेळी नागमोडी चालवून चढ मोडता येतो, कारण रुंदी हाताशी असते. हातभर रुंदीच्या पायवाटेवर ती सोय नाही. वळणांचंही तेच. पायवाट काटकोनात वळते, आणि लहान फ्रेमच्या ड्रॉप हँडलवाल्या सायकलवर सावकाश, तीव्र वळण घेताना बुटाचा पुढचा भाग पुढच्या चाकाला लागतो. दुकानात हे कुणी सांगत नाही, पहिल्या वळणावर आपोआप कळतं.

तिसरी गोष्ट पाण्याची. पायवाट उतारालाच धरून जात असल्याने पावसाळ्यात तिचाच ओढा होतो. माती वाहून जाते, मुळं आणि दगड उघडे पडतात. भरीला वनखात्याने पाणी मुरवायला खणलेले समतल चर वाट आडवी कापतात. चालणारा त्यावरून टांग टाकून जातो, सायकलवाला उतरतो. तास-दीड तासात सतरा वेळा उतरायचं असेल तर त्याला ग्रॅव्हल राइड म्हणू नये एवढीच माझी विनंती. ग्रॅव्हलची मजा सलग तीन-चार तास पॅडल मारण्यात आहे. ज्याला दगडावरून उड्या मारायच्या आहेत त्याने एमटीबी घ्यावी, तोही उत्तम खेळ आहे.

अपवाद आहे, तोही सांगतो. वेताळ टेकडीच्या माथ्यावर गाडी जाईल असा रुंद कच्चा रस्ता आहे आणि तो ग्रॅव्हलला छान चालतो. पण संपतोही लगेच. शिवाय सकाळी तिथे आजी-आजोबा फिरत असतात. त्यांच्या मागून घंटी न वाजवता सुसाट जाणारे बघितले की माझं डोकं फिरतं. टेकडीला पोचायचंच असेल तर चालत जा.

घरबसल्या वाट ओळखायची तर उपग्रहाचा नकाशा मोठा करून बघा. दोन समांतर रेघा आणि मधे गवताचा हिरवा पट्टा दिसला तर ती चाकोरी, म्हणजे ट्रॅक्टर जातो, म्हणजे तुम्ही जाल. एकच बारीक पांढरी रेघ डोंगरउतारावर सरळ वर निघाली असेल तर सोडून द्या. एक धोक्याची सूचना: खडकवासल्याकडे नकाशावर मोहात पाडणारे कच्चे रस्ते दिसतात, त्यातले बरेच एनडीएच्या, म्हणजे लष्करी प्रबोधिनीच्या, हद्दीतले आहेत. तिथे कुंपण आहे आणि त्याला अर्थ आहे.

मग जायचं कुठे? माझं मत ठाम आहे: पूर्वेला आणि आग्नेयेला. मुळशी-ताम्हिणीचे फोटो कितीही सुंदर येवोत. पुण्यात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो, ताम्हिणीत त्याच्या कित्येक पट. तिकडच्या कच्च्या वाटा निम्मं वर्ष चिखलात असतात आणि चांगले रस्ते डांबरी आहेत. पुरंदरचं पठार पर्जन्यछायेत येतं. बोपदेव घाट डांबरी रस्त्याने चढून गेलात की भिवरी, चांबळी, हिवरे, गराडे या गावांना जोडणाऱ्या शेतवाटांचं जाळंच आहे. अंजिरांच्या आणि सीताफळांच्या बागांमधून, मुरमावरून, माफक चढउताराचे. गराड्याच्या बाजूला कऱ्हेचा उगम. सासवडवरून सोनोरीकडे वळलात तर मल्हारगड समोर ठेवून जाता येतं. या पाणंदी दरवर्षी थोड्या थोड्या काँक्रीटच्या होत आहेत. गावकऱ्यांच्या दृष्टीने ते चांगलंच आहे, ऊस आणि आजारी माणूस दोन्ही वेळेवर बाहेर निघतात. तेव्हा "आमचा ट्रॅक बिघडवला" अशी कुरकुर करणाऱ्या शहरी मंडळींबद्दल मला काडीची सहानुभूती नाही.

पाऊस पडून गेल्यावर लगेच मात्र या भागातही जाऊ नका. मुरूम पाणी पिऊन दोन दिवसांत घट्ट होतो, काळी माती होत नाही. ती टायरला चिकटते, फ्रेम आणि टायरमधली फट भरते आणि चाक फिरायचंच थांबतं. काडीने उकरत बसावं लागतं. ऑक्टोबरात तीच माती वाळून ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या सिमेंटसारख्या टणक होतात. चाकोरीत पुढचं चाक गेलं तर तिरकं बाहेर काढायला जाऊ नका, पडाल. तसंच सरळ चालवत राहा आणि कडा बसली असेल तिथे बाहेर या.

त्याच सुमारास सराटे, म्हणजे जमिनीवर पसरणाऱ्या वेलीची काटेरी फळं, वाळतात. बाभळीचा काटा निदान दिसतो, सराटा टायरला लागल्यावरच कळतो, तोही एकटा कधी येत नाही. ट्यूबलेस करून आत सीलंट (बारीक भोक आपोआप बुजवणारं द्रव) भरा, यावर चर्चा नको. 40 च्या टायरमध्ये 75 किलोच्या माणसाने 35-40 पीएसआय हवा ठेवावी. रोड सायकलच्या सवयीने 70 भरून "हात बधिर होतात" म्हणू नये.

आणि दिवाळीनंतर या पठारावर मेंढरांचे कळप भेटतात. लांबून कुत्रं भुंकलं की वेग वाढवू नका. उतरा, सायकल कुत्र्याच्या आणि आपल्या मधे धरा, चालत पुढे व्हा. धनगराला आधी हाक मारली तर तो कुत्र्याला आवरतो, आणि पुढची वाट ओढ्यात जाते की गावात, हे नकाशापेक्षा नीट सांगतो.